कुटाच्या पुढची पायरी: घरच्या घरी पीनट बटर कपकेक

दाण्याचं कूट करताना मिक्सर जरा जास्त फिरला की काय होतं, हे मराठी घरात कुणाला सांगायला नको. कूट भांड्याला चिकटतं, ओलसर होतं आणि आपण ‘गेलं!’ म्हणत ते चमच्याने खरवडून काढतो. तेच बिघडलेलं कूट आणखी पाच मिनिटं फिरवलं की त्याचं पीनट बटर होतं. म्हणजे या कपकेकमधला निम्मा पदार्थ आपल्याला, चुकून का होईना, येतच असतो. उरलेल्या निम्म्यात मैदा, साखर, लोणी आणि मोजमाप. आमटीत अंदाजपंचे चालून जातं. केकमध्ये ते दहा वेळांपैकी सात वेळा अंगाशी येतं.

मी हे कपकेक गोरेगावात, दुपारी ऊन थेट ओट्यावर येणाऱ्या स्वयंपाकघरात करते. त्यामुळे थंड देशांतल्या पाककृतींमध्ये ‘लोणी खोलीच्या तापमानाला आणा’ असं लिहिलेलं असतं तिथे मला हसू येतं. मे महिन्यात आमच्या खोलीच्या तापमानाला लोण्याचं तूप व्हायला आलेलं असतं. पुढची सगळी प्रमाणं १२ कपकेकची आहेत आणि सूचना मुंबईच्या हवेला धरून आहेत.

ओव्हन कुठला?

आमच्या लहानपणी घरी ओव्हन नव्हताच. मे महिन्याच्या सुट्टीत नानकटाईचं पीठ मळून डब्यात भरायचं, गल्लीतल्या बेकरीत न्यायचं, पत्र्याच्या ट्रेमध्ये तिथेच बसून गोळे वळायचे आणि भट्टीतून ट्रे बाहेर येईपर्यंत ताटकळायचं. भाजणं हे बेकरीवाल्याचं काम होतं. आता ते आपल्याकडे आलंय, तर आपलं यंत्र ओळखून घ्यायला हवं.

ओटीजी, म्हणजे वरखाली तापणाऱ्या रॉडचा छोटा विजेचा ओव्हन, असेल तर उत्तम. कपकेकसाठी २० लिटरच्या आसपासचा पुरतो. त्याला वीज बरीच लागते, म्हणून तो गीझरसारख्या मोठ्या, पॉवरच्या पॉइंटवरच लावा. साध्या पॉइंटवर एक्स्टेन्शन बोर्ड जोडून लावू नका. जुन्या इमारतीत राहत असाल तर गीझर, इस्त्री आणि ओटीजी एकदम चालू करू नका. केक अर्धा भाजलेला असताना मेन स्विच पडला तर पुढे करण्यासारखं काही उरत नाही.

मायक्रोवेव्ह असेल तर त्यात ‘कन्व्हेक्शन’, म्हणजे पंख्याने गरम हवा खेळवून भाजायची सोय, आहे का ते बघा. असेल तर त्याच मोडवर भाजायचं, आणि पत्र्याचा ट्रे फक्त त्याच मोडवर ठेवायचा. नुसता गरम करायचा मायक्रोवेव्ह असेल तर हे कपकेक त्यात करू नका. दोन मिनिटांत फुगतात आणि थंड झाले की खोडरबरासारखे होतात.

यातलं काहीच नसेल तर जाड बुडाचं मोठं पातेलं आणि त्यावर घट्ट बसणारं झाकण. तळाला दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यावर एक स्टँड ठेवा, झाकून मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा. मग कपकेक आत ठेवून आच मंद करायची आणि २५ ते ३० मिनिटं द्यायची. बरेच जण कुकरची शिट्टी आणि रिंग काढून त्यात करतात. जमतं, पण रोजच्या वरणभाताचा कुकर पाण्याशिवाय तापवायला माझं मन धजत नाही. जुनं पातेलं वापरा.

सामान

मैदा १६० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड टीस्पून, लोणी ६० ग्रॅम, पीनट बटर १३० ग्रॅम, ब्राउन शुगर १५० ग्रॅम, अंडी २, दूध १२० मिली, व्हॅनिला इसेन्स १ टीस्पून, मीठ पाव टीस्पून. वर लावायला आणखी १०० ग्रॅम पीनट बटर आणि १०० ग्रॅम डार्क चॉकलेट.

ग्रॅम बघून घाबरू नका. पहिली खरेदी म्हणून बीटर घेण्याआधी डिजिटल वजनकाटा घ्या. ‘एक कप मैदा’ म्हणजे नेमकं काय हा वाद त्याने मिटतो. मैदा डब्यातून दाबून भरला तर त्याच कपात सहज २०-३० ग्रॅम जास्त बसतो, आणि कपकेक कोरडे होण्याचं हे पहिलं कारण आहे. टीस्पून म्हणजे ५ मिलीचा सपाट चमचा. शीग लावायची नाही.

लोण्याबद्दल. आपल्याकडे मिळणारं पिवळं अमूल बटर खारं असतं. ते वापरलंत तर वरचं पाव टीस्पून मीठ गाळा. १०० ग्रॅमच्या वडीचे सुरीने पाच सारखे भाग करून तीन घेतले की ६० ग्रॅम झाले. ब्राउन शुगर नसेल तर घरची साखर मिक्सरमधून काढून घ्या. अर्धी साखर आणि अर्धी गुळाची पावडर घेतलीत तर रंग गडद येतो आणि चवीला किंचित चिक्कीची आठवण येते. मला तीच आवृत्ती जास्त आवडते.

कागदी कप आणि १२ खळग्यांचा ट्रे यांसाठी क्रॉफर्ड मार्केट. १८६९ मध्ये उघडलेल्या या बाजाराचं अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. सीएसएमटीहून चालत गेलात तर आसपासच्या गल्ल्यांत केकच्या सामानाची दुकानं लागतात. जायचं तर यादी करून जा. नाहीतर एका ट्रेसाठी गेलेला माणूस क्रीमची नक्षी काढायची तीन प्रकारची नोझल, सोनेरी मणी आणि फिरतं टेबल घेऊन परत येतो, आणि ते टेबल पुढे माळ्यावर जातं. पहिल्या वेळी ट्रेसुद्धा नको. स्टीलच्या छोट्या वाट्यांत कागदी कप बसवा आणि वाट्या ओव्हनच्या ताटलीत मांडा. वाटीचा आधार नसेल तर नुसता कागद बाजूने पसरतो आणि कपकेक भाकरीसारखा आडवा होतो.

दाणे: इथे घाई नको

पीनट बटर विकतचं चालतं का? चालतं. पण बाटलीमागचा मजकूर वाचा. साखर घातलेलं असेल तर पिठातली साखर २० ग्रॅम कमी करा. नुसत्या दाण्यांचं असेल तर वर तेल तरंगतं. ते ओतून देऊ नका, तळापासून ढवळून एकजीव करून घ्या. मी मात्र घरीच करते. कपकेकची चव दाण्यांच्या भाजणीवर ठरते आणि ती भाजणी माझ्या हातात असलेली मला बरी वाटते.

२५० ग्रॅम दाणे घ्या आणि परातीत पसरून निवडा. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे टाकून द्या. पावसाळ्यात तर एकेक दाणा बघावा. बुरशी लागलेला दाणा नुसता चवीला वाईट नसतो, तो आरोग्यालाही घातक असतो. आणि एक दाणा चावून बघा. खवट लागला तर तो सगळा पुडा बाजूला करा. भाजल्यावर किंवा साखर घातल्यावर खवटपणा जाईल अशी आशा मी एकदा केली होती. बाराच्या बारा कपकेक तसेच लागले.

जाड कढईत मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं, हात न थांबवता भाजा. सालीवर ठिपके पडून ती तडकायला लागली आणि आतला दाणा फिकट बदामी दिसला की गॅस बंद करून लगेच ताटात काढा. कढईतच ठेवले तर तिच्या उष्णतेने भाजत राहतात आणि पाच मिनिटांत कडवट होतात. हाताला सोसेल इतके निवले की सुती पंचात घेऊन चोळा आणि साली पाखडा. खिडकीत उभं राहून पाखडायचं असेल तर आधी खालच्या मजल्यावर कपडे वाळत नाहीत ना ते बघा.

आता मिक्सर. दाणे कोमट असतानाच फिरवायचे. दाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं आणि ते उबेत लवकर सुटतं. १८८४ मध्ये कॅनडाच्या मार्सेलस गिलमोर एडसन यांनी दाण्यांच्या अशा लगद्याचं पेटंट अमेरिकेत घेतलं, त्यातही भाजलेले दाणे तापलेल्या पृष्ठभागांमध्ये दळायचे होते.

पहिल्या मिनिटात नेहमीचं कूट होतं. दुसऱ्या मिनिटाला ते भिंतींना चिकटून बसतं आणि पातं नुसतंच फिरतं. झाकण काढा, चमच्याने खाली ढकला, पुन्हा फिरवा. मग लाडवाच्या सारणासारखा गोळा होतो. मिक्सर कण्हायला लागतो आणि नवशिक्यांचा धीर इथेच सुटतो. मी पहिल्यांदा करत होते तेव्हा सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, “अगं, एवढ्या दाण्यांत दोन वेळची खिचडी झाली असती. आता याची काय आमटी करणार आहेस?” मलाही आतून तसंच वाटत होतं. पण भांडं दोन मिनिटं थंड होऊ दिलं, परत फिरवलं, आणि गोळा बघता बघता सैल झाला. त्यावर तेलाची चकाकी आली आणि चमच्यावरून तो जाड धारेने पडायला लागला. तिथे थांबायचं. सासूबाईंनी बोट बुडवून चाखलं आणि “थोडं मीठ घाल” एवढंच म्हणाल्या.

तर चिमूटभर मीठ घाला. पाणी मात्र थेंबभरही नको. पाणी पडलं की पीनट बटर आवळून घट्ट होतं आणि पुन्हा सुटत नाही. मिक्सर अगदीच दमला असेल तर एक टीस्पून शेंगदाण्याचं तेल घाला. सलग एका मिनिटापेक्षा जास्त फिरवू नका. मोटर जळाल्याचा वास एकदा घरभर पसरला की कपकेक कुणाला आठवत नाहीत. साली आणि कचरा जाऊन २३० ग्रॅमच्या आसपास पीनट बटर हाती येतं. १३० पिठात, १०० वर लावायला.

पीठ कालवणं

ओव्हन आधी तापत ठेवा, १८० अंश सेल्सियसवर, खालची-वरची दोन्ही रॉड चालू, निदान १५ मिनिटं. अंडी अर्धा तास आधी फ्रीजमधून काढा. लोणी मात्र मुंबईत १५-२० मिनिटं आधी पुरे. बोट दाबलं की खळगा पडला पाहिजे, पण बोटाला तेलकट चकाकी येता कामा नये. चकाकी आली तर ते परत पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. वितळलेल्या लोण्यात हवा धरून राहत नाही, आणि केकला हलकं करण्यात त्या हवेचा मोठा वाटा असतो.

लोणी, पीनट बटर आणि साखर एका भांड्यात घेऊन तीन-चार मिनिटं फेटा. बीटर नसेल तर लाकडी चमच्याने दहा मिनिटं, हाताला व्यायाम. रंग थोडा फिका होतो आणि मिश्रण हलकं वाटायला लागतं. मग एकेक अंडं घालून फेटा, पहिलं पूर्ण मिसळल्याशिवाय दुसरं घालू नका. व्हॅनिला घाला.

मैदा, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र करून दोनदा चाळून घ्या. बेकिंग पावडरची गुठळी एखाद्या कपकेकमध्ये राहिली तर त्याला साबणासारखी चव येते. चाळलेला मैदा तीन वेळा विभागून घाला आणि मधे मधे दूध. आता फेटायचं नाही, कालवायचं. कोरडा मैदा दिसेनासा झाला की हात थांबवा. पोळीची कणीक जितकी मळाल तितकी चांगली, ही सवय इथे विसरावी लागते. मैदा जास्त घोटला की त्यात चिवटपणा येतो, कपकेक टोकदार फुगतात आणि आत लांबट भोकं पडतात. पीठ भज्यांच्या पिठापेक्षा जाड, चमच्यावरून थबकत पडेल असं हवं. पीनट बटर ओलावा शोषून घेतं, तेव्हा ते फारच घट्ट वाटलं तर आणखी एक-दोन टेबलस्पून दूध घाला.

प्रत्येक कपात साधारण ६० ग्रॅम, म्हणजे दोन तृतीयांशाच्या थोडं वर. काठोकाठ भरले तर उतू जाऊन ट्रेला चिकटतात. बेकिंग पावडर ओली झाली की तिचं काम सुरू होतं, म्हणून पीठ भिजवून मग ओव्हन लावणं, किंवा मधेच फोन घेणं, असं करू नका.

भाजणं

ट्रे मधल्या कप्प्यात ठेवा. १८ ते २० मिनिटं लागतात, पण १६ व्या मिनिटाला बघायला सुरुवात करा. त्याआधी दार उघडायचं नाही. गार हवा आत गेली की मधला भाग बसतो. घरगुती ओटीजीची बटणं सहसा नेमकी नसतात, त्यामुळे पहिल्यांदा तीनच कपकेक भाजून बघा. वरून तपकिरी आणि आत कच्चे राहिले तर पुढच्या वेळी तापमान १० अंश उतरवा आणि दोन-तीन मिनिटं वाढवा.

टूथपिक मधोमध खुपसा. ओलं पीठ लागलं तर अजून दोन मिनिटं. एक-दोन ओलसर कण चिकटले तर झालं, काढा. टूथपिक अगदी लख्ख कोरडी येईपर्यंत थांबलात तर पीनट बटरचे कपकेक घशात अडकतात. ट्रेमध्ये पाचच मिनिटं ठेवून जाळीवर काढा. ट्रेमध्येच राहिले तर तळाला वाफ धरते आणि कागद सुटून येतो.

वर काय लावायचं

इथे माझं स्पष्ट मत आहे: पहिल्या वेळी नोझलच्या पाकळ्या काढायच्या फंदात पडू नका. एका मे महिन्यात भाचीच्या वाढदिवसाला मी लोणी आणि आयसिंग शुगरचं क्रीम लावून १२ कपकेक नेले होते. गोरेगावहून दादरपर्यंत, धीम्या गाडीत, डबा मांडीवर. दादरला झाकण उघडलं तर सगळं क्रीम झाकणाला आणि कपकेक बोडके. भाचीने झाकण चाटून संपवलं, तेवढंच समाधान.

त्यापेक्षा हे करा. चॉकलेटचे तुकडे एका कोरड्या भांड्यात घालून ते उकळी आलेल्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवा, गॅस बंद करून वाफेवर वितळवा. यातही पाण्याचा थेंब नको, चॉकलेट आवळतं. त्यात १०० ग्रॅम पीनट बटर आणि चिमूटभर मीठ मिसळून दहा मिनिटं निवू द्या आणि पूर्ण गार झालेल्या कपकेकवर चमच्याच्या पाठीने पसरा. फ्रीजमध्ये २० मिनिटांत बसतं आणि बाहेर काढल्यावर मऊ पडलं तरी ओघळत नाही. कंपाउंड चॉकलेट (कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल घातलेलं) उन्हाळ्यात जास्त टिकून राहतं, पण जिभेवर मेणचट लागतं. घरीच खायचं असेल तर साधं डार्क घ्या.

क्रीमच हवं असेल तर १०० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, तेवढंच पीनट बटर आणि १२० ग्रॅम आयसिंग शुगर. सकाळी लवकर फेटा, आणि खायच्या अर्धा तास आधी लावा.

वर शेंगदाण्याच्या चिक्कीचा चुरा फार छान लागतो, पण तो आयत्या वेळी भुरभुरायचा. दमट हवेत चिक्कीला तासाभरात पाणी सुटतं.

अंडं नको असेल तर

मजल्यावरच्या चारपैकी दोन घरी अंडं चालत नसेल तर ही पद्धत उपयोगी. दोन अंड्यांऐवजी १२० ग्रॅम ताजं, घट्ट दही घ्या. त्यात अर्धा टीस्पून खायचा सोडा घालून पाच मिनिटं ठेवा. बेकिंग पावडर दीडऐवजी एक टीस्पून आणि दूध १०० मिली करा. बाकी कृती तीच, फक्त पीठ तयार झालं की लगेच ओव्हनमध्ये. हे कपकेक थोडे कमी फुगतात पण दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. दाणे उपासाला चालतात म्हणून कुणी एकादशीला विचारेलच, तर मैदा चालत नाही हे आधीच सांगून ठेवा.

बिघडले तर

मधे खड्डा पडला: कच्चे राहिले, दार लवकर उघडलं किंवा बेकिंग पावडर जास्त पडली. अजिबात फुगले नाहीत: पावडर जुनी. अर्धा चमचा गरम पाण्यात टाकून बघा, सळसळून फेस आला पाहिजे. वरून तडे गेले: ओव्हन जास्त तापलाय. कागद तेलकट झाला: पीनट बटर नीट ढवळलेलं नव्हतं. हा दोष फक्त दिसण्यापुरता. कोरडे झाले असतील तर कुस्करा, वरचं चॉकलेट-पीनट बटर त्यात मिसळा आणि लाडू वळा. हे लाडू माझ्या घरी कपकेकपेक्षा लवकर संपतात, हे जरा लागतं मनाला.

ठेवणं आणि वाटणं

हवाबंद डब्यात बाहेर एक दिवस, थंडीत दोन. पावसाळ्यात रात्रभर बाहेर ठेवू नका. फ्रीजमध्ये चार दिवस टिकतात, फक्त लोण्यामुळे घट्ट होतात. खायच्या २० मिनिटं आधी काढा.

शेजारी किंवा मुलांच्या शाळेत द्यायचे असतील तर आत दाणे आहेत हे तोंडी सांगा आणि डब्यावर चिठ्ठीही लावा. दाण्यांची अ‍ॅलर्जी काहींना जिवावर बेतू शकते, आणि चॉकलेटखाली लपलेले दाणे दिसत नाहीत.

आणि गाडीने न्यायचे असतील तर डबा उलटा वापरा. झाकण खाली ठेवून त्यावर कपकेक मांडायचे आणि वरून डबा पालथा घालून बंद करायचा. उंची मिळते, झाकण वरच्या थराला टेकत नाही, आणि पोहोचल्यावर डबा सरळ वर उचलला की एकालाही बोट न लावता सगळे मोकळे होतात. फक्त वरती ‘ही बाजू वर’ असं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, कारण गर्दीत कुणीतरी मदत म्हणून तो डबा सुलटा करून रॅकवर ठेवतंच.